आईच्या रकान्यातलं नाव

जबलपूर स्टेशनवर गाडी सुटायला पाच मिनिटं होती. बाबा डब्याच्या दारापाशी माझी बॅग धरून उभे होते. आई जाऊन वर्ष झालं होतं, आणि मला आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, म्हाताऱ्या माणसांच्या केअर होममध्ये, नर्सची नोकरी लागली होती. बॅग माझ्या हातात देत बाबा म्हणाले, "जाऊन राहिली, चांगलंच आहे. माही चिंता करू नको. मले एकट्याची सवय आहे." मला वाटलं, ते त्या एका वर्षाबद्दल बोलताहेत. खरं म्हणजे ते त्याहून फार जुनी गोष्ट सांगत होते.

बाबांना स्वतःची आई आठवत नव्हती, वडीलही नाहीत. त्यांच्या आत्यानं त्यांना नागपूरजवळच्या सौंसरकडच्या एका गावातून जबलपूरला आणलं आणि वाढवलं. आम्ही तिला जिजी म्हणायचो. जिजी एवढंच सांगायची, "त्याले जन्म देतानाच ती गेली." नाव विचारलं तर म्हणायची, "मेलेल्या माणसाचं नाव घेऊन काय करता?" जिजी गेल्यावर सांगणारं कोणी उरलंच नाही. नोकरीच्या, पेन्शनच्या कागदांवर आईच्या नावाचा रकाना आला की बाबा तिथं जिजीचं नाव लिहायचे. जबलपूरच्या रिछाई भागातल्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं लेथ मशीन चालवलं, तिथंच महाराजपुरात दोन खोल्यांचं घर बांधलं, मला राइट टाउनच्या शाळेत शिकवलं. पण स्वतःचा वाढदिवस त्यांनी कधी करू दिला नाही. लहानपणी मी एकदा केकचा हट्ट धरला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "ज्या दिवशी मी आईले खाल्लं, त्या दिवशी केक खाऊ का?"

कॉर्कमध्ये सगळं नीट चाललं होतं. पगार वेळेवर, हीटर गरम, माणसं सभ्य. पण ड्युटीवरून परत आल्यावर बोलायला कोणी नसायचं. पुण्या-मुंबईची दोन-तीन कुटुंबं होती. गणपतीला त्यांच्याकडे गेले तेव्हा माझं नागपुरी वळणाचं 'काहून' आणि 'करून राहिले' ऐकून सगळे हसले. प्रेमानंच हसले, तरी त्या दिवसापासून मी त्यांच्याशी इंग्रजीतच बोलू लागले. तुमच्यापैकी जे असे लांब गेले आहेत त्यांना ठाऊक असेल, घरची भाषा तोंडात असून वापरता येत नाही तेव्हा कसं होतं ते.

माझ्याबरोबर काम करणारी मेरी तिच्या आजोबांचा शोध घेत होती. तिनं डीएनए तपासणीचे दोन संच मागवले आणि एक मला दिला. मी काही मनात धरून केलं नाही. नळीत लाळ भरली, पाठवून दिली आणि विसरले.

दीड महिन्यानं, ज्यांचा डीएनए माझ्याशी जुळत होता त्यांची यादी आली. बरीचशी नावं अगदी दूरच्या नात्याची, पण सगळ्यात वर एक होतं, प्रशांत, मेलबर्न. नातं अर्ध्या चुलत भावंडाइतकं, म्हणजे आजी किंवा आजोबा यांपैकी एकच सामायिक असावं इतकं, जवळचं असू शकतं, असं पुढे लिहिलं होतं. मला सख्खी-चुलत कुणीच भावंडं नाहीत. मी निरोप पाठवला आणि आठ दिवस उत्तराची वाट पाहिली. उत्तर आलं, "माझे वडील सौंसरचे होते. आता नाहीत. मला फारसं माहीत नाही, आत्याला विचारून सांगतो."

आत्याचं नाव कुसुम. ती सौंसरलाच राहते. तिनं प्रशांतला सांगितलं की तिच्या आईचं, म्हणजे भिवराबाईचं, आधी एक लग्न झालं होतं आणि एक मुलगाही होता, असं तिचे मामा एकदा बोलून गेले होते. त्यानंतर तो विषय घरात कधी निघाला नाही.

सुट्टी घेऊन मी भारतात आले. बाबांना सांगितलं, नागपूरला मैत्रिणीकडे जाते. नागपूरहून बसनं सौंसरच्या तहसील कचेरीत गेले. पूर्वी गावात कोणी जन्मलं किंवा मेलं की कोतवाल एका वहीत नोंद करायचा. त्या वह्या तिथल्या अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. तिथले कारकून बाबूजी भले होते. "नक्कल के लिए अर्जी लगेगी मॅडम, देखना है तो देख लो," म्हणाले आणि त्यांनी फडक्यात बांधलेला गठ्ठा समोर ठेवला. दुपारपर्यंत मी पानं उलटली. मग सापडलं. पुत्र, बाप गणपत, आई भिवरा. गणपत माझ्या आजोबांचं नाव.

मी मृत्यूंची पानं काढली. त्या महिन्यात भिवरा नव्हती, त्या वर्षी नव्हती. पुढच्या वर्षी गणपत होता, आजार ताप. भिवरा कुठंच नव्हती.

त्याच दिवशी कुसुमआत्याला भेटले. दारातच तिनं माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून नीट पाहिला आणि आत घेतलं. पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. नवरा गेल्यावर भिवराच्या भावांनी तिचं दुसरं लग्न लावून दिलं. तिकडच्यांनी मूल घ्यायला नकार दिला, तेव्हा जिजी त्याला घेऊन गेली आणि परत कधी आली नाही. "आमची आई काही बोलत नव्हती," आत्या म्हणाली. "पण माझा भाऊ, प्रशांतचा बाप, परीक्षेले जबलपूरला जाऊन राहिला तर तिनं दोघांचा डबा बांधून दिला. मी म्हटलं, दोघांचा काहून? तं म्हणे, कोणी भेटलं तर."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, त्यानंच खाल्ला सगळा."

भिवराबाई बारा वर्षांपूर्वी गेली.

महाराजपूरला घरी परतताना गाडीत मी ठरवत होते की सांगायचं की नाही. आई तुमच्यामुळे मेली नाही, हे सांगायचं तर ती तुम्हाला सोडून जगली, हेही सांगावं लागणार होतं. सकाळी चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं. बाबा भिंतीकडे पाहत ऐकत होते. मग म्हणाले, "मी रिटायर झालो तवा जिवंत होती?"

"हो."

"अच्छा," ते म्हणाले. मग उठून बाहेर गेले, स्कूटर पुसत बसले. स्वच्छ झाली तरी पुसत होते. आत आले तेव्हा विचारलं, "नाव काय म्हटलं?"

"भिवरा."

त्यांनी ते नाव एकदा, अगदी हळू, म्हणून पाहिलं. कुसुमआत्याचा नंबर मी कागदावर लिहून दिला. "मी काय बोलू तिच्याशी?" म्हणाले आणि कागद खिडकीत ठेवला. मी निघेपर्यंत तो तिथंच होता. ते रागावले होते का, कोणावर, हे मी विचारलं नाही. मला सोडायला स्टेशनवर आले, बॅग हातात दिली आणि परत फिरले. कॉर्कला पोचून पंधरा दिवस मला वाटत राहिलं की मी एका म्हाताऱ्या माणसाची उरलीसुरली शांती घालवली.

मग एका रविवारी त्यांचा फोन लागेना. अर्धा तास एंगेज. मी घाबरून शेजारच्या तिवारीजींना लावणार तेवढ्यात बाबांचाच आला. "अरे, सौंसरची होती," ते म्हणाले. "दादा म्हणते मले. गुडघे दुखून राहिले म्हणे, तेल सांगितलं तिले." आईबद्दल काही बोललात का, विचारलं, तर म्हणाले, "चलो, होईल तेही."

आता रोज त्याच वेळेला त्यांचा फोन एंगेज असतो. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी दुपार, जेवणाची सुट्टी. मी इथं आल्यापासून ती वेळ माझी होती. मी केअर होमच्या मागच्या बाकावर डबा उघडून बसते, नंबर लावते, तो टूट-टूट आवाज ऐकते आणि ठेवून देते. वाईट वाटतं, हे खोटं कशाला बोलू. पण ते तिकडे बोलून राहिलेत, कुणीतरी त्यांना दादा म्हणून राहिलंय, एवढं त्या आवाजातून कळतं. तेवढं कळलं की मी जेवायला लागते. आजकाल माझं घर तेवढंच आहे.