फायनलच्या सकाळचे पोहे

आमच्या पोरीची खो-खोची फायनल आणि तिला बघायला येणारे पाहुणे एकाच रविवारी आले. कोणाची चूक नव्हती, सोय होती. बघायला येणारा मुलगा कबड्डी खेळायचा. गंगापूर रोडच्या बाजूला एका मैदानावर स्पर्धा होत्या, दुपारी मुलींचा खो-खो आणि संध्याकाळी मुलांची कबड्डी. मुलाकडची माणसं निफाडकडून जीप करून त्याचा सामना बघायला येणारच होती. मध्यस्थ म्हणाला, दोघंही खेळाडू आहेत, जीप येतीच आहे, सकाळी पोहे उरकून घ्या. माझ्या नवऱ्याला हे फार पटलं. एका फेरीत दोन कामं झाली की त्याला देव भेटल्यासारखं होतं.

नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आम्ही मखमलाबादकडे राहायचो. शेतात मेथी-कोथिंबीर, आणि मी ती पंचवटीच्या बाजारात बसून विकायचे. पोरगी पहाटे माझ्याबरोबर जुड्या बांधायची, मग कॉलेजात जायची, मग मैदानावर.

नवऱ्याने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. फायनल जिंकलीस तर अजून एक वर्ष खेळ, लग्नाचं नाव काढणार नाही. हरलीस तर हाच मुलगा, दिवाळीनंतर बार उडवू.

"चालंल," पोरगी म्हणाली. तिचा संघ त्या वर्षी कोणाला ऐकत नव्हता.

मला विचाराल तर मला ती वर्षभर घरात हवी होती. मायेचं सोडा. तिच्याइतक्या भराभर जुड्या बांधणारं घरात दुसरं कोणी नव्हतं.

पाहुणे वेळेवर आले. मुलगा, त्याचे आईवडील, त्याचा मामा आणि मध्यस्थ. मामा निवृत्त मास्तर. आमच्याकडून बोलायला माझे थोरले दीर बसले. पोहे झाले, पोरगी डोक्यावर पदर घेऊन पाटावर बसली आणि दीर नेहमीचं वाक्य बोलले, "विचारा काय विचारायचं ते."

मामाने तिचं नाव, गाव, शिक्षण विचारलं. इथपर्यंत रीत आहे. मग दिरांना वाटलं, त्यांनी तीन प्रश्न विचारले, आपण गप्प बसलो तर आपली बाजू पडती दिसेल. त्यांनी मुलाला विचारलं, "विहिरीला मे महिन्यात पाणी किती राहतं?" मुलगा सांगायला लागला. मामाला वाटलं, आता आपली बाजू पडती. त्याने पोरीला एकोणतिसाचा पाढा म्हणायला लावला.

तिथून दोघं म्हातारे पेटले. इकडून द्राक्षाची छाटणी, तिकडून पानभर शुद्धलेखन. इकडून गारपीट झाली तर काय करशील, तिकडून अचानक पाहुणे आले आणि घरात दूध नसलं तर काय करशील. आमच्यात मागणीच्या वेळी आधी थांबेल तो हलका, असं मानतात. त्यामुळे कोणी थांबेना. चहा दोनदा झाला. मुलाचा बाप बसल्या बसल्या पेंगला. नवरा माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवत होता, जसं काही बैठक रंगात आली आहे.

सुरुवातीला पोरगी नीट उत्तरं देत होती. पुढे पुढे ती सगळ्यालाच हो म्हणायला लागली.

"सासू रागावली तर उलट बोलशील?"

"हो."

मामा थांबला. "बोलशील?"

"हो. म्हणजे नाही. कधी रागावली?"

मी दिरांना आतून खुणावलं, पण ते मुलाला विहिरीवरच्या मोटारीच्या हॉर्सपॉवरमध्ये घालून बसले होते. शेवटी मैदानावर जायची वेळ झाली म्हणून उठले. तेही दोघं एकदम उठले, मागेपुढे नाही.

जीपमध्ये जागा होती, म्हणून आम्हीही त्यांच्याबरोबरच मैदानावर गेलो.

खो-खो मी पुष्कळ बघितला होता. एक पोर पळणारीच्या मागे धावते, बाकीच्या रांगेत उकिडव्या बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. धावणारी मागून पाठीला हात लावून खो म्हणते, मगच बसलेलीने उठायचं. आमची पोरगी यात वाघीण होती. त्या दिवशी ती आधी शेजारणीच्याच दिशेला तोंड करून बसली. पंचाने वळवलं. मग खो मिळायच्या आधीच उठली. फाऊल. मग स्वतः धावताना एका पोरीच्या पाठीला हात लावला आणि नुसती उभी राहिली, खो म्हणायचंच विसरली. ती बिचारी बसलेली पोरगी मान वळवून म्हणाली, "ताई, बोल ना."

त्यांची पळायची पाळी आली तेव्हा आत जाण्याआधी गुण लिहिणाऱ्याने विचारलं, "नंबर?"

आमच्या पोरीने खाली बघितलं आणि स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, शिक्षण सगळं सांगितलं. वर म्हणाली, "स्वयंपाक सगळा येतो."

तो माणूस म्हणाला, "बाई, पाठीवरचा नंबर."

आत जाऊन ती टिकली नाही. समोरून पकडणारी आली तर ही बाजूला सरकून तिला वाट देत होती. एकदा तर डोक्यावर नसलेला पदर सारखा केला. त्यात बाद झाली.

मी त्यांच्या शिकवणाऱ्या बाईंना गाठलं. "पायात गोळे आलेत का हिच्या? पोहे तर बशीभर खाल्लेत."

"पाय ठणठणीत आहेत, मावशी. डोकं दमलंय. सकाळी हिला काय करायला लावलंत?"

मी सांगितलं. बाईंनी कपाळाला हात लावला.

डोकं दमतं हे मला नवीन होतं. मी चौथीपर्यंत शिकले, आमच्यात कंबर दमते. पण नंतर आठवलं, सणाच्या आदल्या दिवशी दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून मी एकदा बाजारातून शेजारणीची पाटी उचलून घरी आले होते. पाटीत तिची चप्पलही होती. तेव्हा माझी कंबर बरी होती.

सामना हरलो. थोडक्यात नाही, चांगलेच हरलो. पोरगी खाली मान घालून आली आणि बापाला म्हणाली, "झालं तुमच्या मनासारखं."

नवऱ्याला वाटलं होतं तेवढा आनंद झालेला दिसत नव्हता.

मग संध्याकाळी कबड्डी. मुलगा चढाईला गेला. कबड्डी कबड्डी म्हणत पलीकडे पोचला आणि मध्येच गप्प झाला, कोणी काही विचारलंय आणि उत्तर आठवत नाही असा. समोरच्यांनी त्याला सावकाश धरला. पुढे बचावात त्याने स्वतःच्याच गड्याचा पाय पकडला आणि सोडेना. तो गडी ओरडत होता, "अरे मी हाय, मी."

तेही हरले.

मामा आमच्याकडे वळून म्हणाला, "हा असा नाही. आज कसा काय झाला."

दीर म्हणाले, "मोटारीचं विचारलं तेव्हाही असाच अडखळला होता. मंद वाटतो."

"आणि तुमची मुलगी? नंबर विचारला तर स्वयंपाक सांगते. धांदरट आहे."

"तुमच्या पाढ्यांनी झाली."

"आणि हा तुमच्या विहिरीने झाला."

पुन्हा दोघं पेटले, पण या वेळी लवकर आटपलं, कारण आता आधी नाही म्हणेल तो वरचढ होता. दोघांनी एकाच वेळी नाही म्हटलं. मध्यस्थ मधे उभा राहून दोन्हीकडे हात जोडत होता.

मी पाण्याच्या टाकीपाशी गेले तर पोरगी आणि तो मुलगा तिथे होते.

पोरगी विचारत होती, "खरंच मे महिन्यात पाणी राहतं का तुमच्या विहिरीला?"

"मला काय माहीत," तो म्हणाला. "मी तिकडं फिरकत पण नाय. तुमचा पाढा कुठपर्यंत गेला?"

"सहापर्यंत. पुढं मी तिसाचा म्हटला, मामांना कळलं नाही."

दोघं हसले आणि आपापल्या वाटेने गेले. पुढे त्याचं लग्न कोणाशी झालं मला माहीत नाही.

घरी जायला आता जीप नव्हती. रिक्षात पोरगी बापाला म्हणाली, "हरले तर हाच मुलगा, असं ठरलं होतं. हा मुलगा तर गेला. आता?"

नवऱ्याने खिशातले रिक्षाचे पैसे मोजले. "आता काय. खेळ वर्षभर."

"हरूनसुद्धा?"

"अगं खेळ म्हटलं ना. आता अजून प्रश्न नकोत."

पुढच्या वर्षी पोरीचा संघ पुन्हा फायनलला गेला. त्या सकाळी मी घरात सांगून ठेवलं, तिला कोणी काही विचारायचं नाही, चहा हवा का हेसुद्धा नाही. मोटारसायकलची किल्ली आदल्या दिवशी तिनेच कुठेतरी ठेवली होती. नवरा फळीवर, गादीखाली, पिठाच्या डब्यामागे शोधत फिरत होता. एकदा तिच्यासमोर येऊन त्याने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तोंड मिटलं आणि पायी स्टॉपकडे निघाला.

त्या दिवशी त्या जिंकल्या. किल्ली तिच्या कॉलेजच्या बुटात निघाली.