खेकड्यांचा रस्सा आणि अण्णांचा नियम

घरातल्या कुणालाच पनवेलला जायचं नव्हतं, म्हणून मी गेले. आता मुद्दाम पनवेलला कुणी जातं का? आपण गोव्याला जाताना, अलिबागला जाताना पनवेलवरून जातो, ट्रॅफिकला शिव्या देतो आणि विसरतो. मी मात्र तिथे दोन दिवस राहिले, आडवा हात मारून जेवले आणि त्या जेवणापायी घरी तोंड दाखवायची पंचाईत करून परत आले.

त्याचं असं झालं. माझे सासरे, म्हणजे अण्णा, यांचा भोसरीला यंत्रांचे सुटे भाग बनवायचा कारखाना होता. उतारवयात त्यांनी घरचा एक ट्रस्ट काढला. दरवर्षी एका संस्थेला मदत करायची, एवढंच त्याचं काम. ट्रस्टचं ऑफिस म्हणजे आमचं जेवणाचं टेबल आणि विश्वस्त म्हणजे सासूबाई, माझा नवरा, दीर मिलिंद आणि मी. अण्णा गेले, पण त्यांचा नियम मागे राहिला: जी संस्था पाहुण्याला पक्वान्न घालते, ती पोरांना पाणी पाजते. त्यामुळे संस्था बघायला गेलं की आमचं अर्धं लक्ष कामाकडे आणि अर्धं बशीकडे. नुसता चहा आला तर उत्तम. पोहे असतील तर चालेल. शिरा दिसला की मिलिंदचा चेहरा पडतो, आणि जेवणाचा आग्रह झाला की संस्था बाद. एका आश्रमाला आम्ही गुलाबजामवरून नाकारलं आहे. त्यातले दोन मीच खाल्ले होते, तो भाग वेगळा.

यंदा शेवटी दोन संस्था उरल्या, दोन्ही पनवेलच्या. मिलिंदला ऑडिट होतं, नवऱ्याची पाठ धरली होती, सासूबाईंना प्रवास झेपत नाही. नवरात्र संपल्या-संपल्या स्वारगेटहून लाल एसटीत बसले. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे समाजसेवेला निघाल्याचा आव आणून मी सरकारच्याच खर्चाने चालले होते. घाटात गाडी रखडली नाही तर अडीच-तीन तास लागतात. रखडतेच, तेव्हा चार धरा. ऑक्टोबरात जाणार असाल तर पाण्याची बाटली आणि सुती कपडे न्या. पनवेल स्टँडवर उतरलं की कुणीतरी ओला टॉवेल अंगावर टाकल्यासारखं वाटतं. स्टँडसमोर वडापाव खाल्ला, जवळच्याच एका लॉजवर बॅग टाकली (हजाराच्या आत, पंखा जोरात, गादी तशीच) आणि खांदा कॉलनीकडे रिक्षा केली. मीटरचं विचारल्यावर रिक्षावाला प्रेमाने हसला.

पहिली संस्था शाळांना टॅब्लेट देते. ऑफिस चकाचक, पडद्यावर रंगीत आलेख. काम वाईट नव्हतं, हे आधीच सांगते. बोलणं चालू असताना शिपाई ट्रे घेऊन आत आला. गरम सामोसे होते, वास थेट मेंदूत गेला. संचालक ताडकन उठले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "अरे ते नको, ते नको! आज पुण्याचे ट्रस्टवाले आहेत."

ट्रे आला तसा गेला. थोड्या वेळाने कागदी कपात कोरा चहा आणि दोन मारी बिस्किटं आली. केवढी ही साधी राहणी, असं म्हणत मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले. कानाने ऐकलेलं डोक्यात शिरायला माझ्याकडे दुसरा दिवस उजाडावा लागतो.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या संस्थेच्या नसीमताई लॉजखाली स्कूटर घेऊन हजर. या पनवेलच्या मोहल्ल्यातल्या, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. वय साठीच्या पुढे, स्कूटर चालवायची पद्धत विशीतली. पळस्प्याच्या फाट्यावर दोन कंटेनरच्या मधून त्यांनी गाडी काढली तेव्हा मला येत होती ती सगळी स्तोत्रं म्हणून झाली. "घाबरू नका, अल्ला आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "तो कंटेनरवाल्याला माहीत आहे का?" गोवा रस्त्याने थोडं गेल्यावर डोंगराच्या बाजूला वळलो, डांबर संपलं, आणि चढावरच्या आदिवासी वाडीत पोचलो.

इथली बहुतेक कुटुंबं दिवाळीनंतर लॉरीत बसून वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. पोरंही सोबत जातात आणि शाळा सुटते ती सुटतेच. नसीमताई त्या महिन्यांत शाळेशेजारच्या दोन खोल्यांत पोरांना ठेवून घेतात. स्वयंपाकाला एक बाई, झोपायला सतरंज्या, एवढाच संसार. आजवर तो त्यांच्या दुबईतल्या भाच्याच्या जिवावर चालला. यंदा भाचा नोकरी जाऊन परत आला. "आता तुम्ही नाहीतर खोल्यांना कुलूप," त्या साधेपणाने म्हणाल्या.

यमुना नावाची एक आई भेटली. तिची चंदा पाचवीत आहे. मागच्या वर्षी पोरीने पहिल्यांदाच शाळेचं अख्खं वर्ष पुरं केलं होतं. चंदाने मला पाढे म्हणून दाखवले. सतराच्या पाढ्याला मी मान डोलावत राहिले, कारण बरोबर की चूक हे मला सांगता येत नव्हतं.

"यंदा ऱ्हाईल का वो ती हितं?" यमुनाने विचारलं. मी "बघू" म्हटलं. देणाऱ्यांचा हा आवडता शब्द आहे.

मग पानं मांडली. तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी, आणि मोठ्या टोपात खेकड्यांचा लालभडक रस्सा. ही तर सरळसरळ मेजवानी होती! मी घाईघाईने म्हटलं, "मला नुसता चहा चालेल."

"बेटा, मेहमानाला उपाशी पाठवायची आमच्यात रीत नाही," नसीमताई म्हणाल्या.

"पण हा खर्च..."

"खर्च कसला?" यमुना म्हणाली. "खेकडी आमीच धरली, व्हाळात. सकालपास्नं सगल्या बाया तितंच हाव. तुमी नाय जेवलाव तर आमाला बरं नाय वाटनार."

माझं माहेर अलिबागचं, सासर पुण्याचं. सासरी मासे फक्त मत्स्यालयात. मी किती विरोध केला असेल, तुम्हीच ठरवा. नांगी फोडून चोखता चोखता मला कालचा सामोशांचा ट्रे आठवला, आणि शिपायाला दटावणारे संचालक. आमचा गुप्त नियम खांदा कॉलनीपर्यंत पोचलेला होता! ज्यांची ऊठबस देणाऱ्यांमध्ये आहे त्यांना तो ठाऊक होता आणि ते कोरा चहा पाजून पास होत होते. ज्यांना कुणी कानात सांगितलं नव्हतं, ते बिचारे आम्हाला जेवू घालून नापास. इतकी वर्षं आम्ही साधेपणा शोधत होतो आणि सापडत होती ती ओळख. मला त्या पानावर शरम वाटली. तरी रस्सा पुन्हा घेतला.

घरी आल्यावर मिलिंदचा पहिला प्रश्न: "वहिनी, काय दिलं?" मी खोटं बोलणार होते. पण बोटांना अजून वास येत होता. सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग संपलंच की. आणि घाई काय आहे? बैठक अण्णांच्या तिथीला, मार्गशीर्षात."

"तोवर लॉरी निघून जाईल," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. नवऱ्याने पाठदुखी विसरून मान वळवली.

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "खेकडे कसे होते?"

"आई!" मिलिंद म्हणाला. "अण्णांचा नियम आहे."

"अण्णांचा कसला? माझा आहे तो," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या वडलांना शुगर होती. कुठे संस्था बघायला गेले की शिरा काय, बासुंदी काय, कुणाला नाही म्हणायचं नाही. डॉक्टर मला ओरडायचे. म्हणून मी दम दिला होता, जो गोड खायला घालेल त्याला एक पैसा मिळणार नाही. त्यांनी लाजेखातर त्याचं तत्त्वज्ञान केलं."

मला नाकारलेला आश्रम आठवत होता. बहुधा सगळ्यांनाच आठवत होता. अण्णांचं पथ्य आम्ही महाराष्ट्रातल्या संस्थांना लावत बसलो होतो. "तिथीला मी त्यांचा स्वयंपाक करीन," सासूबाई म्हणाल्या. "पैसे उद्या पाठव." मिलिंदने पाठवले. त्या आश्रमाला फोन मी केला, तो सोपा नव्हता.

नियम रद्द झाल्याचं आम्ही बाहेर कुणालाच सांगितलं नाही. तरी दिवाळीला खांदा कॉलनीहून काजूकतलीचा भला मोठा डबा आला. या लोकांना बातम्या कोण पुरवतं, देव जाणे. माझा संशय मिलिंदवर आहे.

भाऊबीज झाल्यावर एका सकाळी नसीमताईंचा फोन आला. लॉरी आली होती. यमुना भांडी-बोचकी घेऊन वर चढली आणि चंदा खाली उभी राहिली.

"रडली का?" मी विचारलं.

"दोघी रडल्या. लॉरी वळणाआड जाईपर्यंत पोरगी हलली नाही."

पोर राहिली याचा आनंद मी हक्काने करणार होते, पण तो जमला नाही. आम्ही टेबलाशी बसून ठरवलं, आणि तिकडे एका मुलीने पावसाळ्यापर्यंत आईला निरोप दिला. दोन्हीतलं कमी वाईट ते निवडलं गेलं, इतकंच. हे आमच्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं.

"आता कुठे आहे ती?" मी विचारलं.

"जेवायला बसली आहे. डाळ-भात. बोलू का म्हणते, पण तोंडात घास आहे."

"जेवू दे तिला," मी म्हटलं, आणि फोन तसाच कानाला धरून बसले.