नाव घातलेल्या वाट्या

तिशीतली मी म्हणजे एक नमुनाच होते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला वाण लुटलं की पुण्य लागतं, असं सासूबाई सांगायच्या. मला वाटायचं, लागतंय तर लागू दे, पण ते चुकून शेजारणीला लागायला नको. म्हणून सात रस्ता चौकाच्या बाजूच्या एका दुकानातून स्टीलच्या जाड वाट्या आणल्या आणि एकेका वाटीवर मशीननं माझं नाव घालून घेतलं. आडनावासकट. वर 'सौ.'सुद्धा!

सासूबाई म्हणाल्या, "अगं, वाण देतीस का पाटी लावतीस?"

मला कशाचं ऐकू येतंय! बायका वाटी फिरवून फिरवून नाव वाचत होत्या आणि मी टाचा उंचावून बघत होते. त्या गेल्यावर मात्र जाजमावर एकटी बसले, तर आत कसं भकासच वाटलं. शहाणीला त्यावर उपाय काय सुचावा? पुढच्या वर्षी तांब्या द्यावा, त्यावर अक्षरं मोठी बसतील!

पण एक गोष्ट ही शहाणी विसरली. आपल्याकडं ज्याचं नाव त्याचं भांडं, आणि कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. काही वर्षांनी घरोघरी नव्या सुना आल्या. त्यांनी नाव वाचलं आणि "काकू, तुमची वाटी आमच्याकडंच राहिली की" म्हणत एकेक वाटी माघारी यायला लागली. एकीत शेंगाचटणी, दुसरीत हुग्गी, गव्हाची गोड खीर. लुटलेलं वाण असं वाजतगाजत घरी येताना कुणी बघितलंय?

पुढं आमचे हे गेले. हळदी-कुंकवाची बोलावणी थांबली, वाट्या काही थांबल्या नाहीत. मनाला समाधान मिळावं म्हणून मी रोज पोथी घेऊन बसायची. डोळे पोथीत, कान दाराकडं. समाधान काही येईना, वाटी तेवढी यायची. मग ती भरून परत कुणाकडं तरी पोचती करायची, नाहीतर जीव स्वस्थ बसायचा नाही.

परवा अशीच चुक्याची भाजी भरून समोरच्या घरी गेले. विणकराचं घर, माझ्याच वयाची घरधनीण. देवघराकडं नजर गेली आणि थबकलेच. नैवेद्याला माझी वाटी! माझं नाव 'सौ.'सकट थेट देवाच्या तोंडासमोर.

तिशीतली असते तर गल्लीभर सांगत सुटले असते. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, ते नाव भिंतीकडं फिरव की. देव काय म्हणंल?"

"काय म्हणतोय अक्का? त्याला कुटं मराठी वाचाया येतंय? आमचा देव तेलुगू हाय!"

दोघी इतक्या हसलो की मला कवळी सावरावी लागली. हसू ओसरलं तरी मी तिथंच फरशीवर बसून राहिले. हात जोडायचं ध्यानात आलं नाही, काही मागायचंही सुचलं नाही. आणि कान, कधी नव्हे ते, दाराकडं नव्हते. तिनं नैवेद्याची चिमूटभर साखर हातावर ठेवली, ती जिभेवर विरघळू दिली.

मी उठले तशी ती म्हणाली, "जाताना ही वाटी न्या की अक्का. नाव हाय तुमचं."

"ठेव तुझ्यापाशी," म्हटलं, "त्या नावाची बाई आता आमच्यात राहत नाही."