झाकण उघडं होतं त्या दिवशी

"मागचं दार उघडतं ना, वहिनी?"

सिस्टर कुणाच्याही घरी गेल्या की उंबऱ्यावरच थांबायच्या आणि हे विचारायच्या. उत्तर मिळाल्याशिवाय चहाला बसायच्या नाहीत. तुमच्याही आळीत असं कुणीतरी असेलच, ज्याच्या सवयीला सगळे हसतात आणि ज्याला दुखण्याखुपण्यात पहिली हाक मारतात. आमच्याकडे त्या सिस्टर होत्या. नाव होतं, पण ते फक्त लाइटबिलावर.

एका केमिकल कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर रत्नागिरीत आमच्या समोर येऊन राहिल्या. एकट्याच. बांगडा तळायच्या तर आधी खिडक्या उघडायच्या. आळीतल्या गणपतीच्या मांडवात शिरून लोंबणाऱ्या वायरी ओढून बघायच्या आणि कार्यकर्त्यांवर ओरडायच्या, "पोरांनो, देवाला शॉक लागत नाही, तुम्हाला लागतो!"

माझी सायली त्यांच्याकडे वाढली म्हटलं तरी चालेल. म्हणूनच बारावीनंतर तिने "मला औद्योगिक सुरक्षा आणि आरोग्याची डिग्री करायची आहे" असं जाहीर केलं, तेव्हा तिच्या बाबांनी आधी समोरच्या घराकडे बघितलं.

"मुलीची जात आणि कारखान्यात? माणसं तिथून खोकत परत येतात. फार्मसीला घाल तिला," ते मला म्हणाले.

घरात बोलणं बंद झालं. ताटं वाढली जायची, उचलली जायची. शेवटी त्यांनी एवढं मान्य केलं, की एखादं कॉलेज धड वाटलं तर बघू. नाहीतर मुदत संपायच्या आत फार्मसीचा प्रवेश घ्यायचा.

पुण्याकडच्या एका कॉलेजची फार जाहिरात होती. सिस्टरांनी तिथे फोन लावून एकच विचारलं, "मुलांना कारखान्यात कधी नेता?" पलीकडून उत्तर आलं, शेवटच्या वर्षी, तेही व्हिडिओवर दाखवतो. सिस्टरांनी फोन ठेवला. "पोहायला शिकवणार आणि पाण्याचा फोटो दाखवणार. दुसरं बघ गो बाय."

दुसरं म्हणजे घाटावरचं एक कॉलेज. मुदतीला एकच दिवस उरला होता. आम्ही तिघी पहाटेच निघालो. आंबा घाटात धुकं होतं. सायली नखं कुरतडत होती. सिस्टर मात्र खुशीत होत्या.

कॉलेज बरं वाटलं. प्राचार्यांनी स्वतः प्रयोगशाळा दाखवली. कपाटात हेल्मेटं, पट्टे, मास्क ओळीने लावलेले. सायलीच्या चेहऱ्यावर मला बऱ्याच दिवसांनी हसू दिसलं. मग आम्ही इमारतीच्या मागे आलो.

तिथे जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडं होतं. पावसाचं पाणी साठवायची टाकी, कित्येक महिने बंद पडलेली. एक माणूस हातात बादली घेऊन आत उतरत होता. कमरेपर्यंत गेलाही होता.

सिस्टर धावल्या. त्या वयात, साडीत, मी त्यांना तसं धावताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी त्या माणसाची कॉलर धरली.

"वर ये. आधी वर ये."

"अहो मावशी, गाळ काढायचाय नुसता. आलोच."

"वर ये म्हणते ना!"

प्राचार्य मागून आले. चेहरा लाल. "बाई, सोडा त्याला. हा आमच्या देखभालीचा विषय आहे. तुम्ही प्रवेशासाठी आलात ना?"

"ह्याच्यासारख्या दोघांची नाडी बघितल्येय मी," सिस्टर म्हणाल्या. "लागली नव्हती."

तो माणूस तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर; नोकरी देणाऱ्याकडे बघावं की कॉलर धरणाऱ्या म्हातारीकडे, हे त्याला कळेना. सिस्टरांच्या बोटांतून कॉलर निसटत होती. मला वाटलं, आता सुटतो.

तेवढ्यात प्रयोगशाळेतून एक तरुण बाई पळत आल्या. त्या विभागप्रमुख होत्या. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. "दादा, बाहेर या. आत्ता," म्हणाल्या, आणि त्याच्या दुसऱ्या काखेत हात घातला. तो वर आल्यावर त्यांनी हातातलं, विषारी वायू ओळखणारं छोटं यंत्र दोरीने टाकीत सोडलं. दोरी थोडी खाली गेली असेल नसेल, यंत्र कर्कश वाजू लागलं.

त्या माणसाने हातातली बादली टाकीपासून लांब नेऊन ठेवली.

"सर," त्या बाई प्राचार्यांना म्हणाल्या, "झाकण मी बंद करतेय. आत हवा खेळवून, परत तपासून, मी लेखी सांगेपर्यंत कुणी उतरणार नाही. आणि मला न विचारता हे ठरलं, त्याचा अहवाल मी आजच वर पाठवणार."

प्राचार्य निघून गेले.

परतीच्या वाटेवर सिस्टर धुमसत होत्या. "खोडून टाक हे कॉलेज. जिथे शिकवतात तिथेच माणूस मारतात."

"मला इथेच यायचंय," सायली म्हणाली.

"वेड लागलंय तुला?"

"चूक कुठेही होईल, सिस्टर. त्या मॅडम सगळ्यांदेखत आपल्या साहेबांसमोर उभ्या राहिल्या. मला ते शिकायचंय. हेल्मेट घालायला काय, कुणीही शिकवेल."

घाट उतरला. साखरप्याला गाडी थांबली, तेव्हा खिडकीबाहेर बघत सिस्टर बोलू लागल्या. "आमच्याकडे पहिला टाकीत उतरला आणि पडला. दुसरा त्याला काढायला माझ्या समोरून गेला. मी ऑक्सिजन घेऊन वर उभी. साहेब म्हणाले, जाऊ दे त्याला. मी जाऊ दिलं." मग सायलीकडे वळून म्हणाल्या, "बरोबर आहे गो तुझं. घे इथेच."

घरी गेल्यावर तिच्या बाबांशी त्याच बोलल्या. काय बोलल्या ते मला आजवर कळलेलं नाही. दार लावलेलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रवेशाला सायलीबरोबर तिचे बाबा गेले.

सायली आता एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. सिस्टर नाहीत. शेवटच्या वर्षात त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली, तेव्हा भाच्याने त्यांना केळशीला नेलं. सायलीला नोकरी लागल्यावर आम्ही भेटायला गेलो. त्या ओटीवर बसल्या होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही. सायलीलाही नाही. पण सायली जवळ बसली तसे त्यांनी तिचे दोन्ही हात ओढून घेतले, तळवे उलटसुलट केले, एकेक नख दाबून रंग बघितला, बोटांच्या बेचक्यांत कुठे चट्टा नाही ना ते तपासलं. पाळीवर आलेल्या कामगाराचे बघावेत तसे.

"दुखतंय कुठे?"

"नाही, सिस्टर."

"मग जा कामावर," त्या म्हणाल्या. हात मात्र सोडले नाहीत, आणि सायलीनेही मागे घेतले नाहीत.