आवाज तोंडान काढून दाखवा

गाडी घरापासून गॅरेजपर्यंत कण्हत येते आणि मेस्त्री समोर आला की एकदम शहाणी होते. मालक बिचारा म्हणतो, "आत्ता येत होता हो आवाज!" आणि बाकावर बसलेले सगळे हसतात. डिचोलीला भिकू मेस्त्रींच्या त्या बाकावर मी इतक्या वेळा बसलो, की किस्से टायरमधल्या खड्यांसारखे आपोआप अडकत गेले.

मी तिथे का बसायचो? कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं. घरची जुनी डिझेल पिकअप मी चालवायचो, आमोण्याची भाजी म्हापशाच्या बाजारात न्यायचो. तिने आवाज धरला. कुंईंई असा. माझ्या हातात गियर बदलताना क्षणभर यायचा. बाबा रविवारी तीच गाडी नार्व्याच्या देवळाला न्यायचे, तेव्हा मात्र घरापासून देवळापर्यंत अखंड.

बाबा निवृत्त मास्तर. त्यांनी निकाल देऊन टाकला. "गाडी तूच खिळखिळी केलीस. गणपतीच्या चवथीपर्यंत आवाज गेला नाही, तर गाडी विकायची आणि तू पणजीला काकांच्या कचेरीत बसायचं."

मी म्हटलं, माझ्या हातात ती अशी वाजत नाही.

"म्हणजे गाडीलाही खोटं बोलायला शिकवलंस."

सगळं आयुष्य पोरांना शिकवण्यात गेलं. स्वतः ऐकून घ्यायला मात्र हा माणूस कधी शिकला नाही.

* * *

भिकू मेस्त्री मूळचे दोडामार्गाकडचे. खाणीवरच्या मशिनी दुरुस्त करताकरता कान गेले. डावा पूर्ण, उजवा निम्मा. त्यामुळे गॅरेजचा नियम एकच: ज्याला आवाज ऐकू येतो, त्याने तो स्वतः तोंडाने काढून दाखवायचा. सगळ्यांसमोर, मोठ्याने. मेस्त्री ऐकायचे कमी आणि बघायचे जास्त. ओठ, मान, हात.

आमच्या गावातले शहाणे म्हणायचे, "आवाज दाखवायला बहिऱ्याकडे जातात, असले हे लोक." त्याच शहाण्यांच्या गाड्या तिथे रांगेत असत.

मी माझा आवाज काढून दाखवला. मेस्त्रींनी गाडी मला चालवायला लावली, काही सापडलं नाही. म्हणाले, "ह्यो तुजो आवाज न्हय. मास्तरांक हाड."

बाबांना गॅरेजला यायचा निरोप दिला. ते म्हणाले, "मी काय बहुरूपी आहे?"

* * *

मुळगावचे एक भाटकार, नारळी-पोफळीच्या बागांचे मालक, पांढऱ्याशुभ्र कपड्यातले. पिकअप सुटताना मागे ठण्ण वाजायचं. दोन गॅरेजांत दोनदा क्रॉस बदलून झाला होता, म्हणजे गियरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा सांधा. आवाज काढायची वेळ आली तशी त्यांनी ड्रायव्हरला पुढे केलं.

मेस्त्री म्हणाले, "गाडी तुमची, आवाज तुमचो."

भाटकारांनी इकडेतिकडे बघितलं, डोळे मिटले आणि "ठण्ण" केलं. करताना पोट पुढे, पाठ मागे. मेस्त्रींनी परत करायला लावलं. परत पाठ मागे.

मेस्त्री सरळ मागच्या चाकांखाली शिरले. स्प्रिंगच्या पाट्यांना ॲक्सल आवळून धरणारे बोल्ट ढिले होते. सुटताना सगळा ॲक्सल भाटकारांसारखाच मागे वळत होता.

अर्ध्या तासात काम झालं. भाटकार जाताना म्हणाले, "हें भायर कोणाक सांगूं नाकात."

बाकावर आम्ही सहाजण होतो.

* * *

गोवा राज्य होण्याच्या आधीची ती वर्षं. गावागावात मराठी की कोंकणी यावरून घरं फुटलेली. पेडण्याहून दोघे मेहुणे भागीतली पिकअप घेऊन आले. एक या बाजूचा, दुसरा त्या बाजूचा. सभांच्या खुर्च्या त्याच गाडीतून जायच्या, दोघांच्याही. वाटेत एकमेकांशी बोलले नसावेत. उतरल्यावर एक मराठीत सांगायला लागला, दुसरा कोंकणीत, आणि दोघेही माझ्या बापाच्या वयाचे असून एकमेकांना गप्प बसवत होते.

मेस्त्रींना एकही धड ऐकू येत नव्हता. ते म्हणाले, "सांगू नकात. काढून दाखवा."

दोघांनी एकदमच काढला. "खट्."

मेस्त्री म्हणाले, "क्रॉस गेलो."

* * *

मला वाटायचं आपल्यालाही कळायला लागलंय. एकदा मागून घरघर सुरू झाली. मी मेस्त्रींना छातीठोक सांगितलं, गियरबॉक्स.

त्या दिवशी शांताबाय गाडीत होती. आमोण्याची, भेंडी आणि अळसांदे घेऊन बाजाराला जाणारी, नेहमी मागे टोपल्यांत बसणारी. ती मागूनच ओरडली, "गियरबॉक्स कसलो रे बाबा? दाव्या चाकार घुर्रता. उजवीकडेन वळ्ळी की वाडटा, दावीकडेन वळ्ळी की वगी, एकदम गप्प."

मेस्त्रींनी तिलाही तोंडाने काढायला लावला. तिने वळणासकट काढला, टोपलीसह झुकून.

डाव्या चाकाचं बेअरिंग निघालं. मेस्त्री माझ्याकडे बघून म्हणाले, "तू भाजी इक. तिका हंयसर ठेव."

* * *

मेस्त्री चुकले तो दिवसही मी पाहिला. एका पिकअपचा अख्खा गियरबॉक्स उतरवला. आत सगळं ठणठणीत. आवाज येत होता चाकाच्या टोपीत पडलेल्या एका नटाचा. मालक तोंड उघडायच्या आत मेस्त्री म्हणाले, "चुकलंय मी. बॉक्स फुकट चढवन दितंय."

एवढ्या वयाच्या माणसाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आमच्या घरात तो कोणी वापरत नाही.

* * *

चवथीला आठ दिवस राहिले. गाडी बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून ठरलं, तेव्हा कुठे बाबा गॅरेजला आले. तेही माझा गुन्हा साक्षीदारांसमोर सिद्ध करायला. आवाज काढायला साफ नकार.

मेस्त्री म्हणाले, "रवांदे. चालवन दाखवा."

बाबा स्टिअरिंगवर, मी खिडकीला, मेस्त्री मधे, अनवाणी तळवे पत्र्यावर टेकून. गाडी निघाली आणि कुंईंई सुरू झालं. मुळगावच्या फाट्यापर्यंत थांबलं नाही. तिथून मी चालवली. गाडी गप्प.

"बघा," बाबा म्हणाले, "आता मुद्दाम जपून चालवतोय."

परत बाबा बसले. परत कुंईंई. मेस्त्री खाली वाकले. "मास्तर, दावी चप्पल जरा माका दिया."

बाबांनी दचकून पाय उचलला. आवाज बंद. चप्पल काढून दिली, पाय सवयीने क्लचवर जाऊन टेकला. कुंईंई. उचलला. बंद.

मेस्त्रींनी चप्पल उलटी केली. क्लचच्या रबरावरच्या चौकटी तळव्यावर जशाच्या तशा उठल्या होत्या. उजवी मागितली. ती गुळगुळीत.

"तोंडान काढूक लाजलात, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "आनी पायान वरसभर काढीत होतात."

सतत टेकलेल्या पायाने झिजलेलं क्लचचं बेअरिंग दुसऱ्या दिवशी बदललं. गिऱ्हाइकाला बाबांनी स्वतःच नको म्हणून कळवलं.

चप्पल उलटी झाली त्या संध्याकाळी घरी येताना किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. सगळ्या वाटेत ते शेजारी बसून होते, डावी चप्पल मांडीवर घेऊन.