पडद्याच्या तळाशी सुधीरदादाचं नाव

अकोल्यात एका छापखान्यात मी पत्रकाचं प्रूफ तपासत होतो, तेव्हा आत्याचा निरोप आला. सुधीरदादा गेला. अमरावतीच्या घरात काम करता करता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय त्रेचाळीस. याला सहा आठवडे झाले. मी एरवी कुणाच्या ना कुणाच्या विरोधात लिहितो. या वेळी कुणाविरुद्ध लिहावं, तेच कळत नाही...

दादा माझा आतेभाऊ. प्रोग्रामर होता. पुण्याला न जाता तो अमरावतीतच राहिला. मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांच्या एका गटासाठी त्यानं मोबाईलवर चालणारा प्रोग्राम लिहिला होता. कीड कोणती, फवारणीचा पंप केवढा, एवढं भरलं की पंपात किती औषध टाकायचं ते तो सांगायचा. एआय आलं तेव्हा मला वाटलं, आता दादा माझ्या बाजूनं लढेल. यंत्र माणसाची भाकरी हिरावणार, असं तावातावानं लिहिलेलं पत्रक मी त्याला दाखवलं. वाचून तो हसला. "मी त रोज वापरून राहिलो ते. दोन दिवसाचं काम चहा होईस्तोवर करून देते. काम जाईन याचं भेव हायेच, पन त्याच्याहून मोठं भेव दुसरंच हाय." मग त्यानं पत्रकाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे नियमाप्रमाणे छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव होतं. "हे बरं हाय तुमचं. चुकलं त कोनाले धरायचं ते मालूम राह्यते. मशीन चुकली त शेतकरी कोनाच्या घरी जाईन?" त्याच आठवड्यात त्यानं प्रोग्रामच्या प्रत्येक पानाखाली स्वतःचं नाव आणि मोबाईल नंबर टाकला.

गेल्या वर्षी काही औषधं बदलली. नवा तक्ता दादानं एआयकडूनच करून घेतला. तक्ता देखणा होता. आकडे मिलिलिटरमध्ये, आणि शेजारी किती झाकणं ते. कारण आपल्याकडे मापाचं भांडं कोण शोधतं, औषध बाटलीच्या झाकणानंच पंपात जातं. यंत्रानं सगळी झाकणं एकाच मापाची धरली होती. ते पाहून दादा अस्वस्थ झाला. मला गाडीवर मागे बसवून तो बागाबागांतून फिरला, हातमोजे घालून बांधावरच्या रिकाम्या बाटल्यांची झाकणं गोळा केली आणि सिरिंजनं पाणी भरून एकेक मोजलं. एका झाकणात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी मावलं. "पाह्य," तो म्हणाला, "त्याले झाकन कधी हातात धराच लागलं नाही." मी चिडून म्हणालो, मग फेकून दे ना ते एआय. "काहून? मी पाहून राहिलो ना. मी पाहनं बंद केलं की मंग भेव."

आता पाहणाराच गेला. गटानं नव्या हंगामाचा तक्ता एआयकडून करून घेतला आणि तसाच चढवला. झाकणं कुणी मोजली नाहीत. खाली नाव मात्र दादाचंच. मी मोर्शीला गेलो आणि गटाचे अध्यक्ष देवरावकाका यांच्यासमोर टेबलावर हात आपटला. एक तर तक्ता उतरवा, नाहीतर ते नाव काढा. काका शांतपणे म्हणाले, "बाबू, नाव काढलं त लोक भरोसा कोनावर ठेवतीन?" लोक त्या नावावरच विसंबतात, हेच तर मीही सांगत होतो आणि त्यांना ते कळत नव्हतं. की कळत होतं...

तिथून थेट वहिनीकडे गेलो. म्हटलं, तू लिहून दे, नाव काढायलाच लावू. तिनं मान हलवली. "नका काढू." मी भांडायच्या बेतात होतो, तेवढ्यात ओट्यावर चार्जिंगला लावलेला दादाचा मोबाईल वाजला. तिनं हात पुसून उचलला. "ते नाहीत आता... हो, मी त्यांची मिसेस. नवीन तक्त्यातलं औषध हाय काय? मंग आज फवारू नका, भाऊ. विचारून सांगते." फोन ठेवून ती म्हणाली, "रोज दोन-तीन येतात. नंबर काढला त हे लोक न विचारताच फवारतीन." मग तिनं मोबाईल परत चार्जिंगला लावला.

"पन भाऊजी, मी विचारू कोनाले?"

ओट्यावरचा मोबाईल पुन्हा वाजला.