लुगडं तेवढं घरी गेलं

आता दवाखान्यात गेलं की सगळे गोड बोलतात. ‘आजी, कसं वाटतंय?’ म्हणतात आणि मी तोंड उघडेपर्यंत कागदात डोकं घालतात. मला राग येतो, आणि रागाच्या पाठोपाठ लोणावळ्याची ती नर्स आठवते. त्या गोष्टीला आता कितीतरी वर्षं झाली.

तेव्हा मी बेडशात नव्यानं नांदायला आलेली सून होते. बांधावरचं गवत कापताना विळा घोट्याखाली लागला. हळद दाबून तसंच रेटलं आणि पाय सुजून भोपळा झाला. ह्यांनी बैलगाडीतून कामशेतला आणि तिथून रेल्वेनं लोणावळ्याला नेलं. डॉक्टरांनी जखम उघडून पू काढला आणि बजावलं, जखम भरेपर्यंत खाट सोडायची नाही, नाहीतर पाय कापावा लागेल.

दुसऱ्याच दिवशी मी भिंत धरून दारापर्यंत गेले. आयानं पकडून आणलं. मी परत गेले. मग काय, जो तो मला शहाणपण शिकवू लागला. डॉक्टर ओरडले, शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी त्यांच्या गावच्या कुणा लंगड्याची गोष्ट सांगितली, ह्यांनी तर हातच जोडले. जसा काही पाय ह्या सगळ्यांचा होता! पाय जाईल हे मला कळत होतं. पण मला घरी जायचं होतं.

संध्याकाळी ती नर्स पट्टी बदलायला आली. पट्टी झाली तरी उठली नाही. खाटेच्या कडेला टेकून म्हणाली, “घरी असं कोण आहे, की त्याच्यासाठी पाय गेला तरी चालेल?”

“म्हस,” मी म्हटलं.

मला वाटलं, आता हसेल. पण तिनं, “काय होतंय तिला?” एवढंच विचारलं, आणि मी जी सुटले ती सुटलेच. म्हैस माझ्या माहेरची, लग्नात माझ्याबरोबर आलेली. तिचं रेडकू मेलं तेव्हापासून ती माझ्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नव्हती. जावेला तिनं लाथ मारली होती. दूध तुंबून कास दगडासारखी झाली असणार, मुकं जनावर तळमळत असणार, आणि मी इथं खाटेवर आडवी.

“तुम्हीच आलात, हे तिला कशावरून कळतं?” नर्सनं विचारलं.

असलं काही मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मला जरा विचार करावा लागला. “वासावरनं. अन् पाठीवर थाप मारून ‘हो बाय, हो’ म्हंते मी, त्याच्यावरनं.”

“मग तुमचा वास घरी पाठवता येईल का?”

मी अंगावरच्या लुगड्याकडे बघितलं. आया ते धुवायला मागत होती आणि मी देत नव्हते. “लुगडं धाडते की! जाऊ नेसंल,” मीच म्हणाले.

नर्सनं स्वतःचं पातळ आणलं आणि मला ते गोल नेसता येईना म्हणून नेसवूनही दिलं. हे व्हरांड्यात बसले होते. त्यांना आत बोलावून मी भर वॉर्डात ‘हो बाय, हो’ म्हणायला लावलं, जावेला नीट शिकवता यावं म्हणून. बिचारे कानापर्यंत लाल झाले. मावशी हसून हसून खोकायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे दारातूनच ओरडले, “सोडला गं पान्हा!”

मी रडायला लागले. जीव भांड्यात पडला होता आणि जळतही होता, कारण माझ्या म्हशीनं दुसरीला दूध दिलं होतं. “रडा हवं तेवढं,” नर्स म्हणाली, “पाय तेवढा हलवू नका.” त्यानंतर जखम भरेपर्यंत मी खाट सोडली नाही.

पाय वाचला. पुढच्या वर्षी चरवीभर दूध तापवून घेतलं आणि त्या नर्सला भेटायला गेले, धडधाकट दोन्ही पायांनी. तिची बदली झाली होती. कुठं, ते आयालाही सांगता येईना, आणि तिचं गाव मी कधी विचारलंच नव्हतं. स्टेशनवर येऊन बाकावर बसले. परतीची गाडी लागली. घरी म्हैस माझ्यासाठी खोळंबली असेल हे मला ठाऊक होतं, तरी मला उठवेना.